डीएचए कमी आलं, पण कुठे कमी झालं?

माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एक माशाच्या तेलाच्या उत्पादकाचा विश्लेषण दाखला: ईपीए १९.४ टक्के, डीएचए १३.३ टक्के, म्हणजे त्या तेलातली दोन ओमेगा-३ मेदाम्लं. दुसरा आमच्याच प्रयोगशाळेचा अहवाल, खाली माझी सही: ईपीए १७२, डीएचए १०७, एकक मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम. तेल तेच, लॉट तोच, बाटली ड्रममधूनच काढून सील केलेली. खरेदीदाराला हवं होतं ते व्यापारात ज्याला 'अठरा-बारा' म्हणतात ते माशाचं तेल, म्हणजे ग्रॅममागे १८० मि.ग्रॅ. ईपीए आणि १२० मि.ग्रॅ. डीएचए. दाखला बघितला तर माल मागणीपेक्षा सरस. आमचा अहवाल बघितला तर दोन्हीत तोकडा. खरेदीदाराने लॉट अडवला आणि उत्पादकाच्या केमिस्टनी मला फोन लावला.

ते चिडले नव्हते, हेच मला जास्त लागलं. "सर, ईपीएचं मी एक वेळ समजू शकतो. पण डीएचए १०७? या तेलात ते एवढं खाली आम्ही कधी पाहिलेलं नाही. एकदा बघून घ्याल का?" मी "बघतो" म्हणालो आणि मनात म्हणालो, विकणारा असंच म्हणणार. खरेदीदाराला संशय होता की माल हलका आहे, आमचा आकडाही तेच सांगत होता. दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देत असल्या की माणूस तिसरी तपासत नाही. मीही तपासली नव्हती.

आधी तेलावरच संशय

भेसळ असेल तर क्रोमॅटोग्राम, म्हणजे मेदाम्लं वेगळी करून यंत्राने काढलेला आलेख, सहसा चुगली करतो. स्वस्त वनस्पती तेल मिसळलं की लिनोलिक आम्ल (१८:२, म्हणजे अठरा कार्बन आणि दोन दुहेरी बंध) वर येतं. इथे ते दीड टक्क्याच्या आतच होतं. मिरिस्टिक (१४:०) सात टक्क्यांच्या आसपास, पामिटिक (१६:०) सतरा-अठरा, पामिटोलिक (१६:१) नऊच्या जवळ. २०:१ आणि २२:१ ही लांब साखळीची एकदुहेरीबंध आम्लं अगदी थोडी, म्हणजे कॉड लिव्हर किंवा हेरिंगचं तेलही नाही. अँकोव्ही-सार्डिन जातीच्या छोट्या माशांच्या तेलाची ठेवण अशीच असते.

दुसरी शक्यता, तेल ट्रायग्लिसराइड रूपात, म्हणजे ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेल्या रूपात, नसून इथाइल एस्टर असेल. ते पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने तासाभरात मिटलं. सिलिकाची प्लेट, हेक्झेन-डायइथाइल ईथर-ॲसिटिक आम्ल ८०:२०:१ या प्रमाणात. एकच ठळक ठिपका, ट्रायग्लिसराइडच्या जागी. इथाइल एस्टर त्याच्या वर पळाला असता. तिथे काही नव्हतं.

तेल खवट झालं असेल, ही तिसरी शक्यता. डीएचएच्या साखळीत सहा दुहेरी बंध. लागोपाठच्या दोन दुहेरी बंधांच्या बेचक्यात सापडलेले मिथिलीन गट पाच, आणि ऑक्सिडेशनची सुरुवात नेमकी तिथूनच होते. ईपीएमध्ये असे गट चार. पण खवटपणा मोजणारं पेरॉक्साइड मूल्य २.८ आलं, ॲनिसिडीन मूल्य ९, म्हणजे टोटॉक्स (पहिल्याची दुप्पट अधिक दुसरं) १४.६. माशाच्या तेलांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २०१७ च्या मानकात ठेवलेल्या मर्यादा अनुक्रमे ५, २० आणि २६. शिवाय पाच आणि चार यांच्यात फरक तो केवढा? खवटपणाने डीएचए खाल्लं असेल तर ईपीएलाही तो सोडणार नाही.

तेल बरं होतं. मग आकड्यांकडे वळलो.

एकाच तेलाचे तीन आकडे

हा भाग मला वर्षातून चार वेळा तरी कुणाला तरी समजावून सांगावा लागतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

तेल जसंच्या तसं गॅस क्रोमॅटोग्राफवर चालवून मेदाम्लं मोजता येत नाहीत. ट्रायग्लिसराइडचा रेणू सुमारे ९०० डाल्टनचा. आमच्या यंत्रातल्या स्तंभाला, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या लांब नळीला, सोसेल त्या तापमानाला तो बाहेरच येणार नाही. म्हणून तो तोडायचा, आणि सुटी झालेली मेदाम्लं मिथाइल एस्टर करून, म्हणजे उडण्याजोगी करून चालवायची. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीने मेदाम्लं वेगळी करून दाखवली ती फॉर्मिकपासून डोडेकॅनोइकपर्यंतची, म्हणजे बारा कार्बनच्या आतली, आणि स्तंभातून बाहेर पडेल ते टायट्रेशनने मोजत होते. आज बावीस कार्बनचं डीएचए पंचवीस मिनिटांत बाहेर येतं, त्यात या मिथाइल एस्टरच्या युक्तीचा वाटा मोठा आहे.

आमची पद्धत नेहमीचीच. काचेच्या नळीत सी २३:० च्या मिथाइल एस्टरचं मोजून घेतलेलं द्रावण (हे आमचं मानक, बाकी सगळं त्याच्याशी ताडून मोजायचं), त्यातलं द्रावक नायट्रोजनखाली उडवून टाकायचं. त्यावर सुमारे २५ मि.ग्रॅ. तेल, चौथ्या दशांशापर्यंत वजन करून. मिथेनॉलमधला अर्धा नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड दीड मिलि, नळीत नायट्रोजन भरून झाकण घट्ट, १०० अंशांवर पाच मिनिटं. गार झाल्यावर मिथेनॉलमधलं बोरॉन ट्रायफ्लोराइड दोन मिलि, पुन्हा नायट्रोजन, पुन्हा १०० अंश, तीस मिनिटं. कोमट असतानाच एक मिलि आयसोऑक्टेन घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, मग मिठाचं संपृक्त पाणी. वर आयसोऑक्टेनचा पातळ, पारदर्शक थर उभा राहतो. एस्टर त्यात असतात, तेवढा थर उचलायचा.

सी २३:० का? माशाच्या तेलात ते नैसर्गिकरीत्या जवळपास नसतंच, आणि ईपीए व डीएचए यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतं. वनस्पती तेलांवर हात बसलेला माणूस सवयीने सी १७:० घालतो आणि फसतो. माशाच्या तेलात १७:० मुळातच थोडं असतं, शिवाय सोळा कार्बनची अनेकदुहेरीबंध आम्लं त्याच परिसरात घोटाळत असतात. मानकाचं पीक, म्हणजे क्रोमॅटोग्रामवरचं त्याचं शिखर, फुगतं आणि बाकी सगळ्यांचे आकडे खाली बसतात.

आता दाखल्यावरचे १९.४ टक्के. हे क्षेत्रफळाचे टक्के: क्रोमॅटोग्रामवरच्या सगळ्या पीकांच्या क्षेत्रफळात ईपीएच्या पीकाचा वाटा. उत्पादकाच्या दाखल्यावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, फोनवर विचारल्यावर कळलं. हा आकडा मि.ग्रॅ. प्रति ग्रॅममध्ये आणताना तीन ठिकाणी झीज होते.

पहिली झीज डिटेक्टरपाशी. एफआयडी या डिटेक्टरच्या हायड्रोजन ज्योतीत कार्बन जळताना आयन तयार होतात आणि आपण मोजतो तो त्यांचा प्रवाह. पण एस्टरमधला कार्बोनिल कार्बन, ऑक्सिजनला आधीच बांधलेला, या मोजणीत येत नाही. पामिटिकच्या मिथाइल एस्टरमध्ये १७ पैकी १६ कार्बन कामाचे: १६ गुणिले १२ भागिले २७०.५, म्हणजे वजनाच्या ७१ टक्के. डीएचएच्या एस्टरमध्ये २३ पैकी २२: २२ गुणिले १२ भागिले ३४२.५, म्हणजे ७७ टक्के. समान वजनाच्या या दोन एस्टरांपैकी डीएचए ज्योतीत जास्त बोलतं. क्षेत्रफळाचे टक्के काढणारा त्या बडबडीलाच वजन समजतो. सागरी तेलांच्या रसायनात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं त्या रॉबर्ट ॲकमन यांनी १९६४ मध्येच यासाठीचे सैद्धांतिक दुरुस्ती गुणक मांडले. सी २३:० च्या तुलनेत ईपीएचा गुणक ०.९९, डीएचएचा ०.९७, पामिटिकचा मात्र १.०५ च्या वर. ते लावले की १९.४ चे होतात १८.९, आणि १३.३ चे १२.७.

दुसरी झीज: जे पीक म्हणून दिसतच नाही ते. स्टेरॉल, हायड्रोकार्बन, तापवताना झालेले पॉलिमर, ऑक्सिडेशनचे जड अवशेष. हे सगळं बाटलीत वजन भरतं, पण क्रोमॅटोग्रामवर मेदाम्ल म्हणून येत नाही. क्षेत्रफळाच्या टक्क्यांत जे दिसतं त्यालाच शंभर मानतात. सी २३:० घातलं की हे उघडं पडतं: ट्रायग्लिसराइड पूर्ण शुद्ध असतं तर एक ग्रॅम तेलातून १,००० मि.ग्रॅ.हून किंचित जास्त मिथाइल एस्टर निघायला हवे होते, आमच्या मोजणीत निघाले सुमारे ९५०. म्हणजे ईपीए १८.९ टक्के असलं तरी ते ९५० च्या १८.९ टक्के, १८० मि.ग्रॅ. एस्टर.

तिसरी झीज रूपाची. हे १८० मि.ग्रॅ. मिथाइल एस्टरचे. मुक्त मेदाम्ल म्हणून सांगायचं तर ३०२.५ भागिले ३१६.५, म्हणजे ०.९५६ ने गुणायचं. १७२ मि.ग्रॅ.

आमचा आकडा १७२ च होता. म्हणजे ईपीएबद्दल आम्ही आणि उत्पादक भांडतच नव्हतो. ते १९.४ म्हणत होते, आम्ही १७२ म्हणत होतो, आणि दोघं एकच गोष्ट सांगत होतो. मी मॅडमना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, हे घाईघाईने सांगायला गेलो. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि खालच्या ओळीवर पेन टेकवलं. "आणि डीएचए?"

तोच हिशेब डीएचएला लावला: ९५० चे १२.७ टक्के म्हणजे साधारण १२१ मि.ग्रॅ. एस्टर, ०.९५९ ने गुणून ११६. आमच्याकडे १०७. ईपीएचा हिशेब पैन् पै जुळत होता आणि डीएचएमध्ये ९ मि.ग्रॅ. गायब. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते तेलात नव्हतं.

एकट्या डीएचएलाच कोण खातं?

इथून पुढे प्रकरण मला आवडायला लागलं, हे कबूल करतो. कारण एक खूण हाताशी होती: तूट एकट्या डीएचएत होती. जे काही सगळ्या मेदाम्लांना सारखं लागलं असतं ते आपोआप बाद.

एस्टर होणं अर्धवट राहिलं असेल? मग ईपीएही पडलं असतं, पामिटिकही. आमचं सी २३:० आधीपासूनच एस्टर असल्यामुळे ते मात्र पूर्ण दिसलं असतं आणि त्याच्यापुढे सगळेच बुटके ठरले असते. तरी उरलेल्या द्रावणाची प्लेट चालवली. ट्रायग्लिसराइडच्या जागी ठिपका नाही. सी २३:० च्या द्रावणातलं आयसोऑक्टेन उडून ते घट्ट झालं असेल? तोही दोष सगळ्यांना सारखाच भोवतो.

डीएचएचं पीक चुकीचं मोजलं असेल? ही शंका रास्त होती. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या, ज्याला आम्ही वॅक्स म्हणतो त्या स्तंभावर डीएचएच्या अगदी अंगाशी सी २४:० येतं आणि मागोमाग २४:१. सॉफ्टवेअर कधी कधी बेसलाइन भलतीकडून ओढतं. मी तो भाग पडद्यावर मोठा करून पाहिला. चढण सरळ, उतरण मात्र आळसावलेली. पीक खाली येताना बेसलाइनला टेकायला वेळ लावत होतं, शेपूट २४:१ च्या पायथ्यापर्यंत लोळत होती. शेजारचं २४:१ मात्र ताठ होतं. हाताने रेषा ओढून ती शेपूट डीएचएत धरली तरी वाढ झाली दीड मि.ग्रॅ. नऊ कुठे, दीड कुठे. पण ती शेपूट डोक्यात राहिली.

मग इनलेटमधला, म्हणजे यंत्रात नमुना शिरतो तिथला, भेदभाव. २५० अंशांच्या इनलेटमध्ये सुईतून थेंब पडतो, वाफ होते आणि त्यातला थोडा हिस्सा स्तंभात जातो, बाकी स्प्लिटमधून बाहेर. वाफ नीट झाली नाही तर जड संयुगं मागे राहतात. पण सोमवारी सकाळी मी संपृक्त एस्टरांचं तपासणी मिश्रण चालवलं होतं, सी १४:० पासून सी २४:० पर्यंत, आणि ते चोख आलं होतं. डीएचएइतक्याच उशिरा येणारं सी २४:० जर पूर्ण पोचत असेल तर जडपणाचा प्रश्न नाही.

जडपणा नाही, पण दुहेरी बंध? सी २४:० मध्ये एकही नाही, डीएचएमध्ये सहा. माझं तपासणी मिश्रण नेमक्या त्या गोष्टीला आंधळं होतं जी मला बघायची होती. संपृक्त आम्लं इनलेटमध्ये कशीही वागवली तरी कुरकुर करत नाहीत. ती तपासणी पास झाली म्हणून यंत्र माशाच्या तेलाला योग्य आहे असं मी मानत आलो होतो, आणि बरीच वर्षं.

मॅडमनी सुचवलेला प्रयोग साधा होता. एकच तयार द्रावण घ्यायचं, ते चारपट पातळ करायचं, मग दहापट, आणि तिन्ही चालवायची. पीकं लहान होतील, पण सी २३:० शी असलेलं गुणोत्तर बदलता कामा नये. दोघं सारख्याच प्रमाणात पातळ झालेत. मात्र वाटेत काहीतरी ठरावीक संख्येने रेणू धरून ठेवत असेल, तर रेणू कमी असताना त्या चोरीचा टक्का वाढणार. दहा जणांच्या घोळक्यातून एक उचलला तर लगेच कळतं, शंभरातून उचलला तर कुणाला पत्ता लागत नाही.

मूळ द्रावणाचं गुणोत्तर १ धरलं तर ईपीएचं चारपट पातळात ०.९९, दहापटीत ०.९६. डीएचएचं ०.९५ आणि ०.८६.

तिसरा रन संपला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी इनलेटचं तापमान २५० वरून २३० वर आणलं आणि मूळ द्रावण पुन्हा चालवलं. जड संयुग मागे राहत असेल तर इनलेट थंड केल्यावर डीएचए आणखी घसरायला हवं. ते अडीच टक्क्यांनी वर गेलं. म्हणजे तिथे ते अडकत होतं, आणि उष्णतेत मोडतही होतं.

आणि मला शनिवार आठवला.

शनिवारी सेप्टम, म्हणजे सुई टोचायचं इनलेटचं बूच, बदलताना मी लायनरही, म्हणजे इनलेटमधली काचेची नळीही, बदललं होतं. कारखान्यातून निष्क्रिय करून येणारी लायनर संपली होती, पुढची मागवलेली होती. कपाटात एक धुऊन ठेवलेलं सरळ लायनर सापडलं. त्यात काचलोकर हवी म्हणून शेजारच्या खणातल्या पाकिटातली भरली. ती काचलोकर साध्या कामाची, नळ्यांची तोंडं बंद करायला आणलेली. सिलेनायझेशन, म्हणजे काचेचा पृष्ठभाग रसायनाने निष्क्रिय करणं, तिच्यावर झालेलं नव्हतं. काचेच्या उघड्या पृष्ठभागावर रेणूंना धरून ठेवणारे सिलॅनॉल गट असतात. लोकर म्हटल्यावर पृष्ठभाग प्रचंड, त्यात चिमट्याने दाबून भरताना तंतू मोडून नवे उघडे टोक तयार झालेले. २५० अंशांवर त्या जंगलातून सहा दुहेरी बंध असलेलं डीएचए पार करायचं होतं. सगळं पोचलं नाही यात नवल काय! पाच बंधांचं ईपीए बऱ्यापैकी निभावून गेलं.

आमच्याकडे घरचं संदर्भ तेलही आहे. ज्याचे आकडे वर्षानुवर्षं ठाऊक आहेत अशा माशाच्या तेलाच्या छोट्या नायट्रोजनखालच्या कुप्या, दर शुक्रवारी एक उघडायची. शुक्रवारी ती व्यवस्थित आली होती. लायनर शनिवारी बदललं. हा नमुना सोमवारी चालला. दुरुस्तीनंतर कुपी उघडायची, एवढी एक गोष्ट राहिली, आणि ती राहिली कारण सोमवारी घाई होती आणि संपृक्त मिश्रण पास झालं होतं. आता उघडली. डीएचए साडेआठ टक्क्यांनी खाली. फोन आला त्याच दिवशी हे केलं असतं तर पुढचे तीन दिवस वाचले असते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

दुरुस्ती आणि नवा आकडा

नवी लायनर दुसऱ्या दिवशी आली. लायनर बदललं, इनलेटच्या तळाची चकती बदलली, स्तंभाचं डोकं वीसेक सेंटिमीटर कापलं, कारण लोकरीचे बारीक तंतू तिथेही गेले असणार. मग शुद्ध ईपीए आणि डीएचए मिथाइल एस्टरच्या सीलबंद कुप्या फोडून सी २३:० सोबत वजनाने मिश्रण केलं. खराब लायनरवर हेच मिश्रण मी आदल्या रात्री चालवून ठेवलं होतं: ईपीएचा गुणक १.००, डीएचएचा १.०६. असायला हवेत ०.९९ आणि ०.९७. नव्या लायनरवर आले ०.९९ आणि ०.९८. शेपूट गेली. डीएचएची उतरणही चढणीसारखीच सरळ झाली.

इथे एक मोह होतो आणि मला तो झालाही: जुन्याच रनमध्ये १.०६ गुणक घालून आकडा दुरुस्त करावा, नमुना पुन्हा कशाला करा? पण पातळ द्रावणांच्या प्रयोगानेच दाखवलं होतं की ही तूट सांद्रतेप्रमाणे बदलते. एका सांद्रतेला मिळालेला गुणक दुसऱ्या सांद्रतेला लावणं म्हणजे चुकीवर चुकीचा मुलामा. नमुना पहिल्यापासून केला, तीन स्वतंत्र वजनं घेऊन. मुक्त मेदाम्ल म्हणून ईपीए १७३, १७४, १७३. डीएचए ११७, ११६, ११७. एकूण मिथाइल एस्टर ९५० वरून ९६० वर गेले, तेही जुळलं.

आता १७३ आणि ११७. मागणी १८० आणि १२०. अजूनही तोकडंच? तर नाही, किंवा हो. खरेदी करारात नुसतं 'मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम' होतं. कशाचे मि.ग्रॅ., ते नव्हतं. तेल ट्रायग्लिसराइड आहे, आणि युरोपियन फार्माकोपिया या औषध-मानकांच्या ग्रंथातल्या २.४.२९ या पद्धतीत अशा तेलातली ओमेगा-३ आम्लं ट्रायग्लिसराइड रूपातच मांडतात, म्हणजे त्यांच्या वाट्याचं ग्लिसरॉल धरून. तसं मांडलं की ईपीए १८१, डीएचए १२१. माल पास, अगदी उंबरठ्यावर. मुक्त मेदाम्ल म्हणून मांडलं की माल नापास. रसायनशास्त्राने सांगायचं ते सांगून झालं होतं. बाकी होता तो करारातल्या एका शब्दाचा प्रश्न, आणि तो खरेदीदार व उत्पादक यांनीच सोडवायचा होता.

माझं मत विचाराल तर अठरा-बारा हा बोलीचा शब्द आहे, क्षेत्रफळाच्या टक्क्यांच्या जमान्यातून आलेला. तो करारात एककाशिवाय उचलून ठेवला की प्रत्येकजण आपल्या सोयीचं रूप धरतो: विकणारा क्षेत्रफळाचे टक्के, घेणारा मुक्त मेदाम्ल. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण मुक्त मेदाम्ल म्हणून १८० भरण्यासाठी क्षेत्रफळात जवळपास २० टक्के लागतील, हे दोघांपैकी एकाने तरी आधी सांगायला हवं.

पहिला अहवाल रद्द करून आम्ही नवा दिला. त्यात जुना आकडा का चुकला ते दोन ओळींत लिहिलं, लायनरसकट. मॅडमनी मसुद्यातला 'उपकरणातील तांत्रिक अडचणीमुळे' हा तुकडा खोडला आणि वर लिहिलं, 'अयोग्य काचलोकर वापरल्यामुळे'. नवीन अहवालात प्रत्येक आकडा दोन रूपांत दिला, मुक्त मेदाम्ल आणि ट्रायग्लिसराइड, आणि एकक प्रत्येक ओळीत पुन्हा. सोमवार-मंगळवारी त्याच लायनरवर चाललेले माशाच्या तेलाचे आणखी दोन नमुने होते, त्यांच्या मालकांनाही कळवलं. ते फोन मी स्वतःच केले. आता कुठलंही लायनर बदललं की सगळ्यात आधी संदर्भ तेलाची कुपी उघडते, वार कुठलाही असो, आणि साध्या काचलोकरीचं ते पाकीट इनलेटच्या सामानाच्या खणातून दुसऱ्या खोलीत गेलं.

करारात बहुधा ट्रायग्लिसराइड धरायचं ठरलं असावं, कारण लॉट सुटल्याचं कळलं. महिन्याभराने त्याच उत्पादकाचा पुढचा लॉट आमच्याकडे आला. सोबतचा दाखला उघडला: ईपीए १९.६ टक्के. एकक नाही, रूप नाही. मी फोन उचलला. पलीकडून उचलताच ते म्हणाले, "हो हो सर, क्षेत्रफळाचे. नवा दाखला पाठवतो."